उत्तर क्रमांक चौदा

"बाई, सकाळपासून मी तुमच्याशी चौथ्यांदा बोलतेय," रणभिसे सिस्टर म्हणाल्या, "आणि चौथ्यांदा तुम्ही मला तीच पोपटपंची ऐकवताय. माझ्या वॉर्डात बत्तीस पेशंट आहेत. मी त्यांची शुश्रूषा करू की तुमच्या कॉम्प्युटरची?"

"सिस्टर, मी एवढंच म्हणतेय की बेड बदलल्यावर पेशंटचं पान एकदा बंद करून नव्याने उघडायचं. प्रशिक्षणात ही सूचना दिलेली आहे."

"प्रशिक्षणाला मी होते. पहिल्या रांगेत होते. असलं काही कुणी सांगितलेलं नाही. वही काढून वाचून दाखवू?"

वही काढायची गरज नव्हती. असं कुणी सांगितलेलं नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण माझ्यासमोरच्या जाड फायलीत उत्तर क्रमांक चौदा तसंच छापलेलं होतं आणि त्यातला एकही शब्द न बदलता वाचायचं, असा आम्हाला दंडक होता.

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत मी नाशिकला हेल्पलाइनवर होते. डॉक्टरांनी लिहिलेली औषधं, तपासण्यांचे रिपोर्ट, नर्सने कोणती गोळी किती वाजता दिली, सगळं आमच्या स्क्रीनवर. राज्यातली त्रेचाळीस हॉस्पिटलं आमच्याकडे होती. फोन घ्यायला आम्ही चौघं. त्याआधी सहा वर्षं मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेलं, त्यामुळे औषधांसंबंधीचा कुठलाही फोन आला की बाकीचे तिघं हात वर करायचे आणि तो माझ्या कानात येऊन पडायचा.

रणभिसे सिस्टर जालन्याकडच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मेट्रन होत्या. त्यांची तक्रार साधी होती. एका पेशंटला रक्त पातळ करायची गोळी चालू होती. पोटात रक्तस्राव झाला म्हणून आयसीयूत डॉक्टरांनी ती बंद केली. दोन दिवसांनी पेशंटला जनरल वॉर्डात हलवलं, कॉम्प्युटरवर बेड बदलला, आणि वॉर्डातल्या स्क्रीनवर ती बंद केलेली गोळी पुन्हा यादीत येऊन बसली. कुणी पेशंटचं पान बंद करून परत उघडलं, तर यादी आपोआप सुधारायची आणि चूक कुठे होती याचा मागमूस राहायचा नाही. पण वॉर्डात ते पान दिवसभर उघडंच असतं. नर्सला काय माहीत?

"काल संध्याकाळी माझ्या मुलीने ती गोळी दिली," सिस्टर म्हणाल्या. माझी मुलगी म्हणजे त्यांची स्टाफ नर्स, कांचन. "रात्रीतून त्या माणसाला पुन्हा रक्ताची उलटी झाली. आज सकाळी परत आयसीयूत नेलाय. आता बरा आहे. पण डॉक्टर म्हणतात गोळी बंद होती, स्क्रीन आता म्हणतेय गोळी बंद होती, आणि कांचन एकटीच म्हणतेय की मला यादीत दिसली. आज पाच वाजता कमिटी बसतेय तिच्यावर."

"आपली तक्रार नोंदवली आहे, सिस्टर."

"नोंदवा हो. तुम्ही छान नोंदवता. मला एकाच प्रश्नाचं उत्तर द्या. हे आणखी कुठे झालंय का?"

मी फायलीकडे बघितलं. त्या प्रश्नालाही उत्तर होतं, क्रमांक सव्वीस.

"इतर ग्राहकांविषयी माहिती देणं आमच्या धोरणात बसत नाही."

"मी कुठे नावं मागतेय? हो की नाही, एवढंच सांगा. हे आमच्याकडेच होत असेल, तर माझी मुलगी खोटं बोलतेय आणि मी तिला काढून टाकते. दुसरीकडेही होत असेल, तर तुमचं मशीन खोटं बोलतंय. माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"आपली तक्रार नोंदवली आहे."

 मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "मी चार वाजता परत फोन करते. तोवर विचारा कुणाला विचारायचं ते," आणि त्यांनी फोन ठेवला.

विचारायचं काय होतं? जालना हे अकरावं हॉस्पिटल होतं. सात महिन्यांत अकरा. पहिली तक्रार आली तेव्हा ती एकटीच होती, आणि ती मी 'वापरकर्त्याची चूक' असा शेरा मारून बंद केली होती. दुसरी आली तेव्हा मला शंका आली. चौथी आली तेव्हा शंका उरली नाही. त्यानंतर कुणी "बेड बदलल्यावर" एवढं म्हणालं, तरी माझं पित्त खवळायचं. त्यांच्यावर नाही, त्या फायलीवर. प्रत्येक हॉस्पिटलाला वाटत होतं की हे फक्त आपल्याकडे होतंय, आपलीच माणसं निष्काळजी आहेत. अकराच्या अकरा जणांचे आवाज ज्या एका डोक्यात गोळा झाले होते ते माझं होतं, आणि त्या डोक्याला तोंड उघडायची परवानगी नव्हती.

मी उठले आणि उपासनी सरांच्या केबिनमध्ये गेले. ते आमचे सपोर्ट विभागाचे प्रमुख. पंचावन्नच्या आसपासचे, सज्जन, कायम दमलेले.

"सर, चौदा नंबरची अजून एक."

"कुठून?"

"जालन्याकडून. या वेळी गोळी पोटात गेलीय. रक्ताची उलटी झाली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पेशंट?"

"वाचला."

"दुरुस्ती मार्चच्या आवृत्तीत आहे."

"आत्ता नोव्हेंबर चालू आहे, सर."

"मला कॅलेंडर वाचता येतं, सुलक्षणा."

"मग तोवर सगळ्यांना दोन ओळींचं पत्र पाठवू. बेड बदलला की पेशंटचं पान नव्याने उघडा, औषधं तपासा. एवढंच."

त्यांनी खालचा खण ओढला आणि एक कागद माझ्यापुढे सरकवला. त्यावर त्याच दोन ओळी होत्या, माझ्यापेक्षा बऱ्या मराठीत. तारीख ऑगस्टची. समासात आमच्या कायदा विभागाने लाल शाईत लिहिलं होतं : 'असे पत्र म्हणजे दोष मान्य केल्यासारखे होईल. पाठवू नये.'

"तीनदा वर पाठवलंय," ते म्हणाले. "तिसऱ्यांदा मला सांगण्यात आलं की माझं काम फोन उचलण्याचं आहे."

"मग निदान त्यांना एकमेकांना तरी सांगू द्या."

"नववं कलम विसरलीस का?"

ते कसं विसरणार? आमच्या प्रत्येक करारात ते कलम होतं. स्क्रीनचं चित्र, फोटो, सॉफ्टवेअरमधल्या दोषाचं वर्णन, यातलं काहीही हॉस्पिटलाने कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय तिसऱ्या कुणाला दाखवायचं नाही, सांगायचं नाही. विदर्भातल्या एका डॉक्टरने आदल्या वर्षी असाच कुठलासा घोळ दिसला म्हणून मोबाइलवर स्क्रीनचा फोटो काढला आणि डॉक्टरांच्या सभेत दाखवला. आठवड्याच्या आत त्याच्या हॉस्पिटलाला नोटीस गेली. बिचाऱ्याने लेखी माफी मागितली. माफी कशाची, तर दिसलं ते दाखवल्याची.

"आणि तेच कलम तुझ्या नेमणूकपत्रात आहे," सर म्हणाले. "माझ्याही. सरकारी हॉस्पिटलांचं टेंडर उघडायचंय पुढच्या महिन्यात. आत्ता कुणाला काही ऐकायचं नाहीये. तू जा, पाणी पी, आणि फोन घे."

मी पाणी प्यायले आणि फोन घेतले. कुणाचा पासवर्ड हरवला होता. कुणाच्या प्रिंटरवर बिलाऐवजी डिस्चार्जचा कागद निघत होता. एका दंतवैद्याला स्क्रीनचा रंग आवडत नव्हता, तो अर्धा तास बोलला. त्याला मी हवं ते सगळं सांगू शकत होते. रंगाबद्दल आमच्या धोरणात कसलीही आडकाठी नव्हती.

बरोबर चार वाजता रणभिसे सिस्टरांचा फोन आला.

"विचारलंत?"

"विचारलं, सिस्टर."

"मग?"

मी फाईल उघडली. सव्वीस क्रमांकावर बोट ठेवलं. तेवढ्यात टेबलावरच्या फोनचा दुसरा दिवा लुकलुकायला लागला. एका वेळी दोन फोन आले की पहिल्याला थांबवून दुसरा घ्यायचा, अशी आमची पद्धत.

"एक मिनिट थांबा, सिस्टर," म्हणून मी दुसरा घेतला.

"नाशिक ना? मी बागवे सिस्टर, चिपळूणहून." हा आवाज ओळखीचा होता. कोकणातलं एक मिशनचं हॉस्पिटल, आमच्या यादीतलं सातवं. "अहो, परत झालं बघा ते. आयसीयूतून खाली आणलेली बाई, साखरेचं इंजेक्शन बंद केलेलं, ते आलंय परत यादीत. या वेळी मी स्वतः उभी होते म्हणून दिलं गेलं नाही. आता मला सांगा, मी काय चोवीस तास उभी राहू? आणि खरंच हे आमच्याकडेच होतं का हो? आमची वीज सारखी जाते, त्याने होत असेल का?"

एका कानात जालना, दुसऱ्या कानात चिपळूण. दोघी एकच प्रश्न विचारत होत्या आणि दोघींना द्यायला माझ्याकडे एकच छापील ओळ होती. माझ्या फोनवर एक करडं बटण होतं. इंजिनिअरला बोलण्यात घ्यायचं असेल तेव्हा ते दाबायचं, म्हणजे तिघांचं बोलणं एकत्र होतं.

मी ते बटण दाबलं. मग आपला माइक बंद केला आणि हात मांडीवर ठेवून बसले.

"हॅलो?" रणभिसे सिस्टर म्हणाल्या.

"हां, बोला ना," बागवे सिस्टर म्हणाल्या. "वीज जाते त्याने होतं का, ते विचारत होते मी."

"कुठली वीज? कोण बोलतंय?"

"तुम्ही कोण? मी हेल्पलाइनशी बोलत होते."

"मीपण हेल्पलाइनशीच बोलत होते. मी मेट्रन आहे, जालन्याकडची."

"अगो बाई. मी पण मेट्रन. चिपळूणची. लाइनी अडकल्या वाटतं." त्या फोन ठेवायच्या बेतात होत्या. पण बायकांची जात, आणि त्यातून नर्सची. फोन ठेवता ठेवता त्यांनी विचारलंच, "तुमचं काय बिघडलंय?"

"बेड बदलला की बंद केलेलं औषध परत येतं."



"सिस्टर? आहात का?" रणभिसेंनी विचारलं.

"आहे," बागवे सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज पार बदलला होता. "आयसीयूतून वॉर्डात आणलं की?"

"हो."

"आणि पान बंद करून उघडलं की बरोबर दिसतं?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"आमच्याकडे चारदा झालंय. मला सांगितलं होतं की तुमच्या स्टाफला वापरता येत नाही." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "मी एका पोरीला पंधरा दिवस घरी बसवलं, सिस्टर. ती रडत होती, मला स्क्रीनवर दिसलं म्हणून दिलं. मी तिला म्हटलं, खोटं बोलू नकोस. लायसनवाली नर्स आहेस तू."

"माझी आत्ता दाराबाहेर उभी आहे," रणभिसे म्हणाल्या. "पाचला कमिटी."

"तिला आधी खुर्चीवर बसवा."

दोघी बावीस मिनिटं बोलल्या. मी एकही शब्द न बोलता ऐकत होते. रणभिसेंना आठवलं की त्यांची बॅचमेट सोलापूरकडे मेट्रन आहे आणि तिथेही हेच सॉफ्टवेअर आलंय. बागवेंना साताऱ्याकडचं एक हॉस्पिटल माहीत होतं. त्यांनी एकमेकींचे मोबाइल नंबर घेतले, दोनदा म्हणून खात्री केली. मग बागवे सिस्टर जरा चाचरत म्हणाल्या, "पण ते करारात आहे ना काहीतरी? आमच्या व्यवस्थापकांनी सांगितलंय, बाहेर बोललात तर नोटीस येईल."

"येऊ दे. नोटिशीला रक्त येत नाही," रणभिसे म्हणाल्या. मग त्यांनी आवाज चढवून विचारलं, "हेल्पलाइनवाल्या बाई, तुम्ही आहात का तिथे?"

मी माइकच्या बटणाकडे बघितलं आणि ते तसंच राहू दिलं.

"नसतील," बागवे म्हणाल्या. "लाइनच चिकटली असणार कुठेतरी."

"चिकटली असेल तर देव त्या लाइनचं भलं करो," रणभिसे सिस्टर म्हणाल्या. दोन्ही दिवे विझले.

त्या दिवशी पाचच्या कमिटीत काय झालं ते मला पुष्कळ नंतर कळलं. रणभिसे सिस्टरांनी चिपळूणचा नंबर लावून फोन टेबलाच्या मधोमध ठेवला आणि अध्यक्षांना म्हणाल्या, तुम्हीच विचारा. कांचनला साधा मेमोसुद्धा मिळाला नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत आमच्या ऑफिसात जे झालं, ते मात्र मी डोळ्यांनी पाहिलं. सात हॉस्पिटलांच्या वैद्यकीय अधीक्षकांचं एकत्र सहीचं पत्र आलं. मुदत दहा दिवसांची, नाहीतर आरोग्य खात्याकडे जातो. मार्चमध्ये होणारी दुरुस्ती नवव्या दिवशी झाली. त्रेचाळीस हॉस्पिटलांना दोन ओळींची सूचना गेली, उपासनी सरांच्या खणातल्या मसुद्यासारखीच जवळजवळ, फक्त खाली सही दुसऱ्याची. वरच्या मजल्यावर मिठाई वाटली की नाही ते ठाऊक नाही. आमच्या मजल्यावर शोध सुरू झाला : या सात जणांना एकमेकांचा पत्ता लागला कसा?

आमचे सगळे फोन रेकॉर्ड होत असत. गुणवत्तेसाठी, असं आम्ही प्रत्येकाला सुरुवातीलाच सांगायचो.

उपासनी सरांनी मला बोलावलं, दार लावून घेतलं आणि ती बावीस मिनिटं माझ्यासमोर वाजवली. सगळी. संपल्यावर म्हणाले, "यात तुझा एकही शब्द नाही."

"नाही."

"चुकून दाबलं गेलं असेल."

मी खालच्या खणाकडे बघितलं.

"सुलक्षणा, मी विचारत नाहीये, सांगतोय. एक ओळ लिही. दोन फोन एकदम आले, गडबडीत चुकीचं बटण दाबलं गेलं. कुणाला काही सिद्ध करता येणार नाही. मलाही करायचं नाहीये." त्यांनी कोरा कागद आणि पेन पुढे केलं. "तू एवढं का ताणतेयस तेच मला कळत नाही. दुरुस्ती झाली. त्या मुलीची नोकरी वाचली. आता तुझी वाचव."

नोकरी मला हवी होती. अडतीस वर्षांची होते, लॅबमधलं काम सुटून पाच वर्षं झालेली. पेन हातात घेतलं, तेव्हा ती एक ओळ मी लिहिणारच होते.

पण 'चूक' हा शब्द लिहायला गेले आणि हात थांबला. तो शब्द मी याआधी एकदा लिहिला होता, त्याच कामासाठी, प्रकरण मिटवायला.

ती पहिली तक्रार. एप्रिल महिना, खानदेशातलं यावलजवळचं एक छोटं हॉस्पिटल. बेड बदलला, बंद केलेली गोळी दोनदा दिली गेली, पेशंट दगावला. तिथल्या व्यवस्थापकाने फोनवर विचारलं, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही दोष आहे का? मी इथून त्यांचं पान उघडून बघितलं. सगळं व्यवस्थित होतं, कारण तोवर ते नव्याने उघडलं गेलं होतं. मी शेरा लिहिला आणि त्यांनी मागितला म्हणून सहीशिक्क्यानिशी पाठवूनही दिला. चार मिनिटांचं काम.

ऑगस्टमध्ये, म्हणजे चौथी तक्रार येऊन गेल्यानंतर, एका मुलीचा फोन आला. तिने आपल्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं नाही, स्वतःचं सांगितलं. रेश्मा तडवी.

"ताई, सुलक्षणा निकुंभ तुम्हीच ना? तुमची सही आहे माझ्या चौकशीच्या कागदावर," ती म्हणाली. तिला भांडायचं नव्हतं. तिचा आवाज फार नम्र होता, तोच मला सोसवेना. "मला काढून टाकलं, त्याबद्दल नाही विचारत. मला फक्त एवढं विचारायचंय की खरंच यादीत नव्हती का ती गोळी? मला दिसली होती. पण आता सगळे म्हणतात नव्हती, तर मलाही वाटायला लागलंय की नसेल. माझंच डोकं फिरलं असेल. तुम्ही तज्ज्ञ आहात, म्हणून विचारते."

मला तेव्हा माहीत होतं. चार हॉस्पिटलांचं मला माहीत होतं. आणि मी फाईल उघडून तिला उत्तर क्रमांक चौदा वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकलं. "बरं, ताई," म्हणाली, आणि आभार मानून फोन ठेवला.

उपासनी सर माझ्या हातातल्या पेनकडे बघत होते.

मी लिहिलं : 'दोन्ही फोन मी जाणूनबुजून जोडले.' सही केली. त्यांनी तो कागद वाचला, बराच वेळ हातात धरला, आणि म्हणाले, "मूर्ख आहेस." पण ते म्हणताना ते उठून उभे राहिले होते, आणि दारापर्यंत माझ्याबरोबर आले.

त्याच दुपारी मला कामावरून काढलं. जाताना हातात एक पत्र दिलं. गोपनीयतेचं कलम नोकरी सुटल्यावरही दोन वर्षं लागू राहील, अशी आठवण करून दिली होती.

चार दिवसांनी मी यावलला एसटीतून उतरले आणि विचारत विचारत सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तिच्या गावी गेले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या. रेश्मा घरी नव्हती, केळी भरायच्या शेडवर होती. तिचे वडील रमजानभाई मला तिथवर घेऊन गेले. ती घडांना कागद गुंडाळत होती. सव्वीस-सत्तावीसची, बारीक चणीची, अंगात बापाचा जुना शर्ट. चार वर्षं नर्सिंग शिकलेली मुलगी केळी गुंडाळत होती, आणि तीही इतक्या हलक्या हाताने की बाजूच्या बायका तिच्या दुप्पट काम उरकत होत्या.

"मी सुलक्षणा निकुंभ," मी म्हणाले.

तिने हात पुसले.

एसटीत मी पुष्कळ जुळवाजुळव केली होती. ती सगळी तिथे विसरून गेले. "गोळी यादीत होती," मी म्हणाले. "तुला दिसली ती खरी होती. तुझ्यासारखं आणखी दहा ठिकाणी झालं. दोष सॉफ्टवेअरचा होता. आता तो काढलाय."

रमजानभाईंनी तोंड फिरवलं आणि ते बागेकडे बघत राहिले. रेश्मा शेजारच्या पालथ्या क्रेटवर बसली.

"तुम्हाला कधी कळलं?" तिने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "तू फोन केलास त्याच्या आधी."

"म्हणजे मी विचारलं तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"मग हो का नाही म्हणालात?"

"करार होता. बोलायला बंदी होती."

"मी कुठे कागद मागत होते? नुसतं हो म्हणायचं होतं. मी कुणाला सांगितलं नसतं, ताई. मला फक्त रात्री झोप लागली असती." ती हे रागाने म्हणाली नाही. रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. "चार महिने मी डोळे तपासून घेतेय. जळगावला डोक्याच्या डॉक्टरकडे पण जाऊन आले."

मी उभीच होते. बस, असं कुणी म्हटलं नव्हतं. काही वेळाने तीच म्हणाली, "हे आता लिहून द्याल?"

पर्समध्ये ते गोपनीयतेचं पत्र होतं. दुसरा कागद नव्हता. रमजानभाई शेडच्या मुकादमाकडून वहीची दोन पानं घेऊन आले.

त्या पानांचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. कंपनीकडून मला दोन नोटिसा आल्या, दोन्हींना मी उत्तर दिलं, आणि मग टेंडरच्या गडबडीत त्यांनी माझा नाद सोडला. चौकशी पुन्हा उघडायला चौदा महिने लागले. रणभिसे सिस्टर आणि बागवे सिस्टर दोघी साक्षीला यावलला आल्या, त्यासाठी बागवेंनी दोन गाड्या बदलल्या. रेश्मा निर्दोष ठरली. ती आता सरकारी हॉस्पिटलात आहे. मी पुन्हा लॅबमध्ये आहे. तिचा मला फोन येत नाही आणि तो यावा अशी अपेक्षा ठेवायचा मला हक्क आहे, असं मला वाटत नाही.

त्या दिवशी शेडमध्ये मी क्रेटवर कागद ठेवून लिहिलं. तारीख, माझं पूर्ण नाव, पत्ता. मग : 'एप्रिल महिन्यात सदर हॉस्पिटलातील एका रुग्णास बंद केलेले औषध दिले गेले, त्यास नर्स रेश्मा रमजान तडवी जबाबदार नव्हती. यादीत दोष होता. मी दिलेला शेरा चुकीचा होता.' सही करून तिच्या हातात दिलं.

तिने ते दोनदा वाचलं. मग कागद परत माझ्यापुढे ठेवला.

"'एका रुग्णास' खोडा," ती म्हणाली.

"मग काय लिहू?"

"नाव लिहा." मला नाव माहीत नसणार, हे तिच्या लक्षात आलं. खरंच माहीत नव्हतं. माझ्या फायलीत त्या बाईला फक्त तक्रार क्रमांक होता.

"लिहा," रेश्मा म्हणाली आणि मी लिहीत असताना एकेक शब्द सावकाश सांगत गेली. "द्वारकाबाई पुना भालेराव. वय बासष्ट. बेड नंबर आठ. त्यांना उद्या घरी सोडणार होते."